शीर्षक नसलेला रकाना

माझे पती गेले तो सोमवार होता. आजही तुरीची डाळ उकळायला लागली, की त्यानंतरच्या उन्हाळ्यातली एक दुपार आठवते. खारपाणपट्ट्यातल्या विहिरींच्या पाण्यावर त्यांनी वीस वर्षं संशोधन केलं होतं. ते सगळ्यांना वाचता यावं म्हणून त्यांची विद्यार्थिनी अकोल्याहून अमरावतीला आमच्या घरी साधीशी वेबसाइट बनवायला आली होती. त्यांच्या वहीतले क्षारांचे आकडे ती भरत गेली. पण शेवटच्या रकान्यात नुसतं ‘हो’ किंवा ‘नाही’ होतं, वर शीर्षक नव्हतं. “काकू, हा काढून टाकू का?” तिनं विचारलं. त्यांनी लिहिलेलं काही पुसायला माझं मन होईना. वहीतली पहिली विहीर भातकुलीजवळच्या एका बाईंची होती आणि खाली त्यांचा नंबर होता, म्हणून फोन लावला. बाई हसल्याच. “काहून वो ताई, सरांनं तुमाले सांगतलं नाई? यंत्र मंग काढत. पयले इचारत, ह्या पान्यात डाय शिजते का?” खाऱ्या पाण्यात डाळ शिजत नाही, हे मला ठाऊक होतं, पण हाच प्रश्न ते विहिरीविहिरीवर विचारत फिरले, हे ठाऊक नव्हतं. तोच प्रश्न आम्ही शीर्षक म्हणून टाकला. वहीतली शेवटची विहीर आमच्याच अंगणातली निघाली, आणि तिच्यापुढचा रकाना कोरा होता. आमचा स्वयंपाक कायम नळाच्या पाण्यावर व्हायचा. मी विहिरीचं पाणी काढलं, त्यात डाळ गॅसवर चढवली, आणि आम्ही दोघी तासभर दाणा बोटांत दाबून बघत राहिलो. वेबसाइट अजून आहे. तिच्यातलं शेवटचं ‘हो’ माझं आहे.