रियाजभाईंनी सोडलेली चूक

नांदेडात लग्नपत्रिका छापणाऱ्यांमध्ये रियाजभाईंचा दरारा होता. त्यांच्या नजरेतून चूक सुटत नसे. शिशाच्या अक्षरांचे खिळे हातानं जुळवायच्या जमान्यात ते कंपोझिटर म्हणून लागले, तेव्हाच इंग्रजी अक्षरं ओळखीची झाली. अर्थाच्या नावानं मात्र आनंदच. तरी इंग्रजी मजकुरात एखादं अक्षर इकडचं तिकडं झालं, की त्यांचं बोट बरोब्बर तिथंच पडे. "नवरदेवाचं नाव चुकलं तर लग्न मोडत न्हाई, छापखाना मोडतो," असं ते म्हणत, आणि ते काही गमतीनं म्हणत नसत.

त्यांची एकुलती एक मुलगी अर्शिया खासगी दवाखान्यात नर्स होती. परदेशातल्या नोकरीसाठी इंग्रजीची परीक्षा द्यायची होती, आणि पहिल्या खेपेला ती थोडक्यात हुकली होती. मग लातूरच्या क्लासवाल्यांनी सहाशे अवघड शब्द हातात ठेवले. एकेकाचे समानार्थी पाठ करायचे, विरुद्धार्थी पाठ करायचे, स्पेलिंगसकट. रियाजभाईंनी वाया गेलेल्या पत्रिका कापून पत्त्याएवढी पानं केली. कोऱ्या बाजूला अर्शियानं शब्द नि त्यांची उत्तरं लिहिली. रोज ड्युटीला जायच्या आधी बापलेक चहा घेऊन बसत. ते पानावरच्या शब्दाची अक्षरं वाचत, ती बाकीचं सांगे, आणि तिनं सांगितलेलं अक्षर न् अक्षर ते पानाशी ताडून बघत.

बायको, फरीदा, जाऊन दोन वर्षं झाली होती. अर्शिया गेली की या घरात चहा एकच कप होणार, हे रियाजभाईंना कुणी सांगायची गरज नव्हती. दुसऱ्यांदाही हुकली तर पुन्हा परीक्षेला बसणार नाही, असं ती एकदा बोलून गेली होती. ते वाक्य त्यांच्या मनात घर करून बसलं.

एका सकाळी 'रिलिंक्विश' आला. विरुद्धार्थी म्हणून अर्शियानं 'रिझाइन' सांगितला: आर, ई, एस... पानावर होतं आर, ई, टी. सवयीनं बोट त्या अक्षरावर पडलं. तोंड मात्र उघडलं नाही.

"हाव, बरोबर," ते म्हणाले, आणि पुढचं पान घेतलं.

त्या दिवशी छापखान्यात त्यांनी एकच पत्रिका चार वेळा तपासली. नंतरच्या आठवड्यात तो शब्द आणखी दोनदा आला. दोन्ही वेळा अर्शिया तेच चुकली, दोन्ही वेळा त्यांनी मान हलवली. चाळीस वर्षं परक्यांच्या पोरींची नावं डोळ्यांत तेल घालून तपासली आणि स्वतःच्या पोरीला चुकीचं पाठ करू दिलं. त्यांना स्वतःची लाज वाटत होती.

परीक्षा हैदराबादला होती. स्टेशनावर पोचवायला गेले, फलाटावरच्या बाकावर बसले, तेव्हा मात्र त्यांना राहवेना. खिशातून त्यांनी ते एक पान काढलं.

"बेटा, हे तू चुकून राहिली होती. मला दिसत होतं."

अर्शियानं पान बघितलं. "कवापासून?"

"आठ दिवस झाले. वाटलं, या बारीलाबी हुकली तर... घर लई मोकळं वाटतंय गं मला."

"अब्बा, मी पानं न बघता तुमच्यावर भरोसा ठेवला!" तिनं तोंड फिरवलं. मग तिनं पिशवीतून पानांचा गठ्ठा काढला आणि त्यांच्या मांडीवर आदळला. "अजून चाळीस मिनिटं हायेत. घ्या."

जमतील तेवढी पानं त्यांनी फलाटावरच घेतली. रियाजभाईंनी तिला चुकीवर दोनदा अडवलं, दुसऱ्यांदा तर इतक्या मोठ्यानं, की चहावाला वळून बघायला लागला. सगळ्यात शेवटी ते पान निघालं. "आर, ई, टी, ए, आय, एन," अर्शियानं सांगितलं. "रिटेन." त्यांनी एकेक अक्षर ताडून बघितलं.

"बरोबर," ते म्हणाले. या वेळी खरंच.

गाडी आली. ती खिडकीशी बसली. गज धरून त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच विचारलं, "याचा अर्थ काय गं?"

"धरून ठेवणं."

"आन् हा ज्याच्या उलटा हाय, तो?"

अर्शियाचे डोळे भरले होते. "हातचं सोडून देणं, अब्बा."

रियाजभाईंनी मान हलवली. गाडी हलायच्या आधीच त्यांनी गजावरचा हात काढून घेतला.