एल्क आणि हलकं काडतूस

मी जर्मनीत आखनला पीएचडी करत होतो तेव्हा आमच्या विभागातला एक जर्मन दीडशहाणा दरवर्षी स्वीडनला एल्क मारायला जायचा. एल्क म्हणजे घोड्याहून थोराड हरीण. एकदा जड काडतूस झाडताना बंदुकीच्या धक्क्याने या शिकाऱ्याचा खांदा दुखावला, आणि लगेच याचं तत्त्वज्ञान तयार: नेम अचूक हवा, मग हलकं काडतूसही पुरे!

पुढच्या वर्षी परतल्यावर त्याने कॅन्टीनमध्ये ऐटीत सांगितलं, की गोळी खाऊन एल्क दलदलीत पळाला. दुसऱ्या दिवशी कुत्र्यांना सापडला, तेव्हाही धापा टाकत होता.

"पण मेला ना शेवटी? गेनाऊ, अगदी बरोबर! म्हणजे काडतूस योग्यच होतं."

मी विचारलं, "त्रास किती झाला असेल?"

"छे," तो खांदा चोळत म्हणाला, "अजिबात दुखला नाही."