शामलेची नक्कल

नकलांपायी शामला मेश्रामने लहानपणी जेवढा मार खाल्ला, तेवढा नागपूरच्या अख्ख्या इंदोरा वस्तीत कुण्या वांड पोरानेही खाल्ला नसेल. किराणावाल्या भैय्याजीचं नाकातलं बोलणं तर ती असं उचलायची, की गिऱ्हाइकं वळून बघायची! आई, बायजाबाई, लाटणं घेऊन धावायची. "एक दिवस फसशीन वं!"

१९७६ साली फसलीच म्हणा ना. रामदासपेठेतल्या एका संस्थेत स्पॅनिश शिकवणाऱ्या म्हाताऱ्या सिस्टर मायदेशी निघाल्या आणि त्यांची जागा शामलेला हवी होती. हवी म्हणजे हवीच! चार वर्षं ती त्यांच्याकडेच शिकली होती. सिस्टर स्पेनमधल्या कास्तिलच्या. दातांत जीभ धरून 'थ' म्हणायला लावायच्या. घरी तालीम सुरू झाली की बायजाबाई विचारायची, "जीभ काहून चावून राहिली वं?" सिस्टरांकडे कधी पेरूच्या, कधी अर्जेंटिनाच्या नन मुक्कामाला येत. त्यांना पोहे वाढता वाढता शामलेने त्यांचंही बोलणं उचललं.

मुलाखतीला संस्थेचे गणपतराव आणि पाहुण्या परीक्षक म्हणून अर्जेंटिनातल्या ब्युनोस आयरेसच्या एक बाई बसल्या होत्या. उताऱ्यात 'पाच गल्ल्या' आल्या. घाबरलेली शामला बोलून गेली, "सिंको कायेस."

"चूक!" गणपतराव कडाडले. "सिस्टर 'थिंको काल्येस' म्हणतात. शाळेला 'शाया' म्हणणारी नागपुरी जीभ, जाणार कुठं!"

शामलेच्या अंगाचा तिळपापड झाला. "चूक नाही, सर. पेरूतल्या लिमा शहरात असंच म्हणतात. ऐका!"

ती उठलीच. लिमाच्या ननसारखी मान हलवत म्हणाली, "सिंको कायेस." कास्तिलच्या सिस्टरांसारखा चष्मा सावरत, "थिंको काल्येस." मग अर्जेंटिनाच्या ननसारखा कमरेवर हात ठेवून झोकात, "सिंको काशेस!"

पाहुण्या बाई टाळ्या पिटत उठल्या. "अगदी माझी आई बोलली! मुलांना हे सगळंच ऐकू द्या. हिलाच घ्या." गणपतरावांनाही हसू आवरेना. त्यांनी तिथल्या तिथे होकार दिला.

शामला घरी पळतच आली. बायजाबाईने सगळं ऐकलं, डोळे पुसले.

"म्हणजे नकलेनंच नोकरी भेटली तुले?"

"हो वं माय!"

बायजाबाईने दार लोटून घेतलं, पाटावर बसली आणि हळूच म्हणाली, "मंग त्या भैय्याजीची करून दाखव ना. तुले मार देता देता मले कधी हासताच नाई आलं."