एक नंबरचं माप

आमचे भावोजी शिंपी. पस्तीस वर्षं दुसऱ्यांचे कोट शिवले आणि साठीला टेकल्यावर एकदम हौस उफाळून आली. अकरा वर्षं वापरलेली, काळी, लांबलचक, लेदरच्या सीटांची आलिशान गाडी दारात आणून उभी केली. ताईने कपाळावर हात मारला. भावोजींची उंची जेमतेम पाच फूट दोन. स्टिअरिंगमागे बसले की बाहेरून नुसतं टक्कल दिसायचं. मी म्हणाले, "भावोजी, गाडी आपली आपण चालतेय असं वाटून लोक घाबरतील हो." मेहुणीने एवढं तरी बोलायलाच हवं.

त्या गाडीच्या दारात तीन बटणं होती. एकदा आपल्या अंगाप्रमाणे सीट लावली की ते माप बटणात राहतं. बटण दाबलं की सीट आणि आरसे बरोबर जागेवर येतात. एक नंबरवर जुन्या मालकाचं माप होतं. तो वारला, म्हणून तर गाडी विकायला निघाली. मेकॅनिक ते पुसणार होता, भावोजींनी अडवलं. दुकानातल्या मापांच्या वहीतलंही पान ते कधी फाडत नाहीत, गिऱ्हाईक जगातून गेलं तरी. "माप म्हणजे माणूसच," म्हणाले आणि स्वतःचं माप दोन नंबरवर ठेवलं. इतकी कणव जिवंत मेहुणीच्या वाट्याला कधी आली नाही.

रोज सकाळी सीट आपोआप एकवर गेलेली असायची. मागे सरकलेली, खाली गेलेली, आरसा डावीकडे कललेला. दुसरा कुणी असता तर गाडी विकून मोकळा झाला असता. भावोजींनी टेप काढली आणि सीटवरून माणूस मोजला. सहा फूट, उजवा खांदा उतरता, मान जराशी पुढे. "ह्याचा कोट बेतायला मजा आली असती," असं कौतुकाने सांगायचे. मग रोज कोण बदलत बसणार म्हणून पाठीशी उशी घेऊन एकवरच गाडी चालवू लागले. महिन्याभरात उशी घरात परत आली.

त्यानंतर ताईचा फोन आला. "अगं, ह्यांच्या पँटी आखूड व्हायला लागल्यात."

"धुवून आटल्या असतील."

"सगळ्याच? एकीची दुमड उसवून मी लांब केली, आठ दिवसांत तीही घोट्याच्या वर. ते एक नंबर पुसून टाका म्हणून कानीकपाळी ओरडतेय, पण ऐकतील तर ना. आणि काल मी चहा दिला, तर म्हणाले, 'आपण कशाला त्रास घेतलात?'"

छत्तीस वर्षं 'अगं' म्हणणारा नवरा. मला हसू आलं नाही. तशीच निघाले. दार भावोजींनीच उघडलं. ज्या उंचीवर मी त्यांचं टक्कल बघायची, तिथे शर्टाचं दुसरं बटण होतं. उजवा खांदा उतरला होता. "आता गाडी बसतेय मला," ते शांतपणे म्हणाले. ताई मागे उभी होती. आपला माणूस डोळ्यांदेखत हातचा चाललाय, एवढंच तिच्या चेहऱ्यावर होतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघींनी त्यांना मेकॅनिककडे नेलं. त्याने गाडीला मशीन जोडलं आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"दोन मापं होती ना? एकच दाखवतंय."

"कुणाचं?" ताईने विचारलं.

"त्यावर नाव थोडंच असतं. काका, तुम्ही बसून बघा."

भावोजी बसले. त्याने बटण दाबलं. सीट तसूभर हलली नाही. गुडघे, पाठ, मान, सगळं जिथल्या तिथे. आरशातून त्यांची नजर ताईवर गेली. परक्या बाईकडे चुकून पाहिलं की सभ्य माणूस नजर काढून घेतो, तशी त्यांनी काढून घेतली.

"पुसू?" मेकॅनिकने मशीनवर बोट ठेवलं.

महिनाभर ताईने ह्याच एका गोष्टीचा धोशा लावला होता. तिने पुढे होऊन त्याचं मनगट धरलं.

"नको," ती म्हणाली. "आमचे हेही त्यातच असतील."