आंब्याखाली गेलेली पानं

मी जुने दिवाळी अंक जमवते ते मुखपृष्ठांसाठी. हाताने रंगवलेली चित्रं, छापलेल्या कागदावरसुद्धा ब्रशचा फटकारा दिसतो असली. हे मी भेटेल त्याला सांगत सुटते, आणि त्यातच माती खाल्ली.

जामसंड्याला बाबांचे चुलतभाऊ राहतात. आधी मास्तर होते, आता आंब्याचं बघतात. त्यांच्या माळ्यावर ट्रंकभर अंक आहेत कळल्यावर मी मालवणातून एसटी पकडून गेलेच. तेवीस अंक. एकावर हिरव्या लुगड्यातली बाई रापणीचा, म्हणजे किनाऱ्यावर ओढून घ्यायच्या मोठ्या जाळ्याचा, दोर ओढतेय, चेहरा असा की मध्ये आलात तर तुम्हालाही ओढून बाजूला टाकेल. मी तिथेच खल्लास. खाली सही म्हणजे नुसता फराटा. चित्रकाराचं नाव आत अनुक्रमणिकेच्या पानावर असतं, बारीक अक्षरात, पण बाहेर परतीच्या गाडीचा हॉर्न वाजला आणि मी पळाले. काका म्हणाले, आंबे उरकले की सगळे घेऊन जा.

मग मी दोनदा फोन केला. "काका, सांभाळा हां, मला कव्हरंच हवीत, ती फाटायला नकोत."

मे संपताना गेले तर काकांनी टेबलावर चकचकीत गठ्ठा ठेवला. तेवीस कव्हरं, सुटी, लॅमिनेट केलेली. कडक प्लास्टिक, रेशन कार्डासारखं.

"आतली पानं कुठायत?"

"पेटयेत घातलंय, आंब्याखाली. पेट्यो कवाच गेल्यो."

"काका, अंक होते ते."

"तूच सांगितलंस मां फोनार, माका कव्हरांच व्हयी म्हणान? दोनदा सांगितलंस."

सांगितलं होतं. म्हणून तर जास्त डोकं फिरलं.

"आत चित्रकाराचं नाव होतं."

"नाव घेवन काय करतलंस? लगीन लावतलंस त्येच्याशी?"

आतून काकू फिसकन हसली. मी बोलून गेले, "मास्तर होतात ना तुम्ही? मुलांची पुस्तकंपण अशीच फाडायचात?"

काकूचं हसू थांबलं. काकांनी गठ्ठा माझ्या पिशवीत कोंबला, हळूबिळू काही नाही. "घे आनी चलाक लाग. परत फोन करू नको."

मी घेतला, थँक्यू म्हटलं नाही. कोंबताना त्या बाईच्या कपाळावर प्लास्टिकची घडी पडली, ती जात नाही. लॅमिनेशन सोलायचा प्रयत्न दुसऱ्या एका कव्हरावर केला तर रंगच निघून आला.

फोटो टाकला की लोक हमखास विचारतात, कुणाचं चित्र? मी लिहिते, माहीत नाही. आणि प्रत्येक वेळी काकांचा राग येतो. माझाही येतो, पण त्यांचा जास्त.