उशीरवाले सर

उशीरवाले सर कुणाच्या दारात शिरण्याआधी मनगटावरचं घड्याळ काढून खिशात ठेवायचे. समोर घड्याळ दिसलं की माणूस अंदाजानं घड्याळातलीच वेळ ठोकून देतो आणि ती हमखास चुकीची असते, असं त्यांचं म्हणणं.

ते मूळचे डॉक्टर, पण दवाखाना कधीच सोडलेला. शेवगाव, राहुरीकडच्या वाड्यावस्त्यांवर, ऊसतोडीला जाणाऱ्या नाहीतर धरणात मासे धरणाऱ्या कुटुंबात बाळंतपणात बाई दगावली, की दोन-तीन महिन्यांनी ते त्या घरी जात. ती वेळेत दवाखान्यात का पोचली नाही, उशीर नेमका कुठे झाला, एवढंच त्यांना शोधायचं असे. म्हणून गावोगावी हे नाव पडलेलं. त्या अभ्यासात मी त्यांची मदतनीस होते. ते पडवीत पुरुषांशी बोलायचे, मी आत बायकांशी. परतताना गाडीत आम्ही दोन्ही वह्या ताडून पाहायचो. बाईनं कळा लागल्याचं सांगितलं ती वेळ आणि पुरुषानं ते ऐकलं ती वेळ, यांत कधी कधी अर्ध्या दिवसाचं अंतर निघायचं. सर म्हणायचे, "बघ, अजून गाडी निघालीच नाही आणि निम्मा उशीर घरातच झालाय."

एका वस्तीवर सून गेलेल्या घरात म्हातारी सासू एकटीच भेटली. ती पुन्हा पुन्हा सांगत होती, "लगीच नेली. दुखाया लागली तशी लगीच." सरांनी तिचं बोलणं खोडलं नाही. तेव्हा दुधाचा टेम्पो येऊन गेला होता का, एवढंच विचारलं. नव्हता आला. शेतातली दुपारची लाईट आली होती का? तीही नव्हती. आणि गाडी आली तेव्हा? तेव्हा विहिरीवरची मोटार चालू होती, तिच्या आवाजात लेकाला हाक ऐकू गेली नव्हती. सांगता सांगता म्हातारीला स्वतःलाच उमगलं, की मधे अख्खी सकाळ गेली होती. तिनं पदर तोंडाला लावला. सर हळूच म्हणाले, "मावशी, मी तुमचा दोष लिहायला आलो नाही. फाट्यावर वेळेत गाडी मिळाली नाही, ते लिहायला आलोय."

मला दिवस गेले तेव्हा त्यांची ही काळजी माझ्याच दारात येऊन बसली. नवरा सुप्याला कंपनीत, आठवड्यातून एकदा घरी येणारा. घरात मी आणि सासूबाई. सातव्या महिन्यात सर आमच्या ओट्यावर बसले आणि सासूबाईंना विचारू लागले. गाडी कुणाची सांगून ठेवलीय? तो नसला तर दुसरा कोण? हिचा रक्तगट काय? रक्त द्यायला कोण दोघं येतील? मग दर आठवड्याला फोन करून तेच. मला वहीतल्या एकेक बाया आठवायला लागल्या. जेवण जाईना. सासूबाई तर संतापल्याच. "चांगल्या घरात येऊन मरनाचं काय इचारतो ह्यो मानूस?" शेवटी मीच सरांना सांगितलं, आता विचारू नका, मला भीती वाटते. ते म्हणाले, "भीती मलाही वाटते. म्हणून तर विचारतो."

नववा लागल्यावर एका सकाळी ज्वारी निवडता निवडता मला रक्त जायला लागलं. कळ एकही नव्हती. चुलीवर कालवण होतं. म्हटलं, थोडं थांबून पाहू. इतक्या बायांच्या कहाण्या हातानं लिहून घेतलेली मी, आणि मीही थांबूनच पाहणार होते. सासूबाईंनी माझी साडी पाहिली आणि चुलीत पाणी ओतलं. सांगून ठेवलेला जीपवाला बाजाराला गेला होता. त्यांनी लगेच दुसऱ्याला फोन लावला. रागारागानं ऐकलेलं सगळं त्यांना पाठ होतं. तालुक्याला रक्त मिळेना, तिथून नगरला पाठवलं. सबंध रस्ता सासूबाई माझा हात घट्ट धरून एकच सांगत होत्या, "डोळं मिटू नगं." नगरला मुलगी झाली. मी वाचले. आणखी अर्धा तास गेला असता तर काय झालं असतं, ते तिथल्या डॉक्टरीणबाई मला बोलल्या नाहीत. सरांना बोलल्या असाव्यात, कारण ते भेटायला आले आणि बराच वेळ खिडकीकडे तोंड करून उभे राहिले.

अभ्यास संपल्यावर सर निरोप घ्यायला आले. छापलेला अहवाल त्यांनी सासूबाईंच्या हातात दिला. त्यांना वाचता येत नाही. त्यांनी विचारलं, "ह्यात त्या बायांची नावं हायेत का?" सरांनी सांगितलं, नावं छापायची नसतात, तसा नियम आहे. "मग तुमाला तरी म्हाईत हायेत का?"

सर नावं सांगू लागले. गाव नाही, आडनाव नाही, नुसती नावं. मंगल, शहनाज, ताराबाई, सविता... कुठेही अडखळले नाहीत. शेवटी थांबले आणि म्हणाले, "आणखी एक आहे. तिचं नाव मी विचारलंच नव्हतं."

इतक्या वर्षांत मला कधी न सांगितलेलं त्यांनी त्या दिवशी सांगितलं. नवी नोकरी होती, दूरच्या एका आरोग्य केंद्रावर. दुपारी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून एका अडलेल्या बाईला आणलं. सरांनी मोठ्या दवाखान्याच्या नावानं चिठ्ठी लिहून दिली, तिला पुढे पाठवलं आणि ते जेवायला गेले. ती पोचली की नाही, याची त्यांनी कधीच चौकशी केली नाही.

सासूबाईंनी विचारलं, "गाव तरी ठावं हाय का?" सरांनी होकारार्थी मान हलवली. "मग जावा की. इतक्या घरी गेलात, त्याच घरी न्हाई गेलात."

पंधरा दिवसांनी त्यांचा फोन आला, पण माझ्यासाठी नाही, सासूबाईंसाठी. त्या मधूनमधून "व्हय" म्हणत ऐकत राहिल्या. फोन ठेवला आणि माझ्या लेकीला मांडीवर घेऊन बसल्या. काय म्हणाले सर, मी विचारलं.

"रस्त्यातच गेली हुती," त्या म्हणाल्या. "पारू नाव हुतं. तिची थोरली जाऊ हाय अजून. तिनं सरांना जेवल्याबिगर जाऊ दिलं न्हाई."