चुना पडलेली खडी

खंडेराव मुकादम मूळचा नगरकडचा. आयुष्यभर त्याने रस्तेच केले, पण सरावलीचा रस्ता मात्र त्याच्या उरावर बसला. तारापूरच्या वीजकेंद्राकडे जाणारा हा रस्ता दिल्लीच्या पैशांतून व्हायचा होता. पासष्टची लढाई झाली, दिल्लीचा पैसा अडकला आणि फोडलेल्या खडीचे ढीग रस्त्याकडेला तसेच पडून राहिले. रोज सकाळी खंडेराव फेटा बांधून यायचा आणि ढिगांची राखण करत बसायचा.

तेही त्याने सोसलं असतं हो! पण शिरगावचा रस्ता राज्याने स्वतःच्या तिजोरीतून सुरू केला आणि त्यावर मुकादम नेमला तो भगवंत. कालपर्यंत खंडेरावाच्या हाताखाली घमेली उचलणारा भगवंत! त्याचा रोलर सरावलीवरूनच धूर सोडत गेला, तेव्हा खंडेरावाने पाठ फिरवली. त्या दिवशी त्याला भाकर गोड लागली नाही. भगवंत वाटेत रामराम घाली, तर याला वाटे, मेला हिणवतोय. भगवंताने नवी छत्री घेतली तरी याच्या पोटात दुखे.

खंडेरावाच्या टोळीत ठमी नावाची वारली बाई होती, खडी फोडण्यात जुनी आणि तोंडाने फटकळ. ती एकदा म्हणाली, "मुकादम, तिकडं खडी कमी पडली हाय. आपलीच उचलून नेतील, बगा."

खंडेरावाच्या अंगाचा तिळपापड झाला. माझ्या खडीवर त्याचा रोलर फिरणार?

रस्त्याच्या कामात रीत अशी, की ओव्हरसियरने ढीग मोजला की वरून चुन्याचं पाणी शिंपडायचं. चुना पडला म्हणजे खडी त्या रस्त्याच्या खात्यात चढली, मग ती दुसऱ्याने उचलायची नाही. खंडेरावाचे ढीग अजून मोजायचे होते. तरी त्याने भर दुपारी चुना कालवला आणि एकूणएक ढिगावर स्वतःच शिंपडला. हात पांढरे झाले, पण कित्येक महिन्यांनी त्याला बरं वाटलं. आता ने म्हणावं!

थोड्याच दिवसांत राज्याच्या बांधकाम खात्याच्या साहेबांची जीप आली. मागून भगवंत उतरला. साहेब ढीग बघून थबकले.

"भगवंत, तू तर म्हणालास इथली मोजणी व्हायचीय. ही खडी दिल्लीच्या खात्यात चढलेली दिसते. मग राज्याला या कामाला हात लावता येणार नाही."

भगवंत ओशाळला. "दादा," तो खंडेरावाला म्हणाला, "दिल्लीचं येईस्तोवर हा रस्ता राज्याने करावा म्हणून मी साहेबांच्या मागं लागलो होतो. काम तुमच्याच टोळीला मिळणार होतं."

"मोजून झालं ना, मुकादम?" साहेबांनी विचारलं.

नाही, चुना मीच टाकला, एवढंच बोलायचं होतं. साहेबांनी शिव्या घातल्या असत्या, पण रस्ता मिळाला असता. मात्र भगवंताच्या देखत? आणि भगवंताच्या उपकारावर? छे! त्यापेक्षा रस्ता नको. खंडेरावाने मान हलवली.

"झालं, साहेब."

जीप गेली. ठमीने आपलं घमेलं उचललं.

"आमी चाललो शिरगावला."

"समद्या?"

"समद्या. तुमी बोलला का नाय, मुकादम?"

बायांची रांग वळणाआड गेली, तसा खंडेराव ढिगांपाशी येऊन बसला. आता ती खडी कोणीच नेणार नव्हतं.